उतारावरचे गुडघे

अस्तंब्याची यात्रा करून आलेल्या कुणालाही विचारा. चढताना दम लागतो, पण गुडघे बोलतात ते उतरताना. दिवाळीच्या सुमारास हजारो भाविक सातपुड्याचं हे शिखर चढून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जातात. परतल्यावर तरुणांचे पाय दोन दिवसांत मोकळे होतात. ज्यांचा गुडघा आधीच कुरकुरत होता त्यांचा मात्र सुजतो, आणि पुढे कित्येक दिवस पायरी उतरताना भिंतीचा आधार घ्यावा लागतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर राहणाऱ्यांना तर त्यासाठी यात्रेलाही जावं लागत नाही. पाणी खाली, घर वर. रस्ता खाली, शेत वर. चढ-उतार हा तिथला रोजचाच भाग.

उतारावर गुडघ्यावर किती भार येतो, हे बर्लिनच्या शॅरिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी थेट सांध्याच्या आतून मोजलं आहे. पाच रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच त्यांनी भार मोजणारी यंत्रणा ठेवली होती. रुग्ण चालू लागला की आकडे बिनतारी बाहेर येत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट भार आढळला. जिना चढताना तो ३.२ पटींच्या आसपास गेला, आणि उतरताना जवळजवळ ३.५ पट झाला. म्हणजे पन्नास किलो वजनाची बाई पायरी उतरते तेव्हा दर पावलाला तिचा गुडघा पावणेदोनशे किलोच्या आसपास भार झेलतो. डोक्यावर हंडा किंवा सरपणाची मोळी असेल तर तिचा भारही याच हिशोबाने त्यात वाढतो.

हा भार एकटा सांधा पेलत नाही. मांडीच्या पुढच्या बाजूचा चार भागांचा मोठा स्नायू उतरताना ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो आणि शरीराला आवरून धरतो. तो दणकट असेल तर पाऊल हलकेच टेकतं. तो थकला किंवा बारीक झाला की पाऊल आदळतं, आणि प्रत्येक आदळण्याचा हिशोब सांध्याला चुकवावा लागतो. चिवट गुडघेदुखीवर फिजिओथेरपी म्हणजे मुख्यतः काय, तर हा स्नायू आणि त्याचे सोबती पुन्हा कामाला लावणं. शेक, पट्टा, मशीन हे सगळं त्यानंतर येतं.

नंदुरबार जिल्ह्यात गुडघ्याला कामाची कमतरता नाही. नवापूरकडे चिखलात वाकून भातलावणी, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाखाली उकिडवं बसून फुलं वेचणं, हंगामात ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणं. नंदुरबार शहराजवळच्या मिरची वाळवायच्या पथारींवर बायका तासन्‌तास जमिनीवर बसून देठ खुडतात. एक पाय दुमडलेला, दुसरा उभा, आणि दर थोड्या वेळाने टोपली सरकवण्यासाठी अर्धवट उठणं. बीजिंगमधल्या वृद्धांची तपासणी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या वृद्धांशी ताडून पाहिली, तेव्हा चिनी स्त्रिया अंगाने सडपातळ असूनही त्यांच्यात गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण जास्त निघालं. तरुणपणी रोज दीर्घकाळ उकिडवं बसणं हे त्यातलं एक कारण असावं, असं त्या अभ्यासकांना दिसलं. यावरून उकिडवं बसूच नये असा अर्थ काढणं चुकीचं ठरेल. दोन मिनिटं बसून उठणारा गुडघा आणि दोन तास त्याच कोनात दाबून धरलेला गुडघा यांत मोठा फरक आहे.

ग्रामीण महाराष्ट्रात अशी दुखणी किती, याचा शिस्तीने घेतलेला शोध पुणे जिल्ह्यातल्या भिगवणचा. १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या स्वयंसेवकांच्या मदतीने तिथे घरोघर जाऊन चौकशी केली. प्रौढांपैकी दर शंभरात सुमारे अठरा जणांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, आणि दुखणाऱ्या जागांत कंबर व गुडघा पुढे होते. शेतीवर जगणाऱ्या माणसांचे सांधे धडधाकटच असतात, हा शहरी समज त्या पाहणीने खोटा ठरवला.

डॉक्टरकडे गेलं की एक्स-रे निघतो, आणि रुग्ण ‘गॅप कमी झालाय’, ‘गादी झिजलीय’, ‘वंगण संपलंय’ असं काहीतरी ऐकून घरी येतो. त्यातून मनात जे चित्र तयार होतं ते बैलगाडीच्या आसाचं: जितकी चालेल तितकी झिजेल, म्हणून गाडी उभी करून ठेवा. या चित्राने फार नुकसान केलं आहे. कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं ते गुळगुळीत आवरण, जिवंत असतं. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, नसाही नाहीत. त्याचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि तो द्रव आतबाहेर खेळवायला दाब पडावा लागतो, सुटावा लागतो. पाऊल टाकलं की दाब, उचललं की मोकळीक. गुडघा महिनोन्‌महिने हलवलाच नाही तर त्या पोषणाचीच वाट अडते.

आणखी एक गोष्ट रुग्णाला क्वचितच सांगितली जाते. एक्स-रेमधली झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचं प्रमाण फारसं जुळत नाही. झिजेच्या पायऱ्या ठरवायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली, ती आजही वापरात आहे. पण वरच्या पायरीचा एक्स-रे असलेली माणसं शेतात राबताना दिसतात, आणि जवळजवळ स्वच्छ एक्स-रे असलेल्यांना रात्री झोप लागत नाही. एक्स-रेचं चित्र बदलता येत नाही हे खरं. स्नायूची ताकद, वेदनेची तीव्रता आणि चालण्याची ढब मात्र बदलता येते.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो पाड्यावरची कुठलीही बाई विचारेल आणि तिने विचारलाच पाहिजे: दिवसभर राबतोच आहोत, त्यावर आणखी व्यायाम कशाला?

याचं उत्तर स्नायूच्या एका विचित्र वागण्यात आहे. निरोगी, न दुखणाऱ्या गुडघ्यात संशोधकांनी वीस-तीस मिलिलिटर निर्जंतुक द्रव सोडून पाहिला. वेदना नव्हती, तरीही मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडला. सांधा फुगला की मज्जारज्जूकडून त्या स्नायूला ‘थांब’ असा संदेश जातो. ही शरीराची राखणदारी. आपल्या इच्छेचा तिच्यावर ताबा नसतो. दुखऱ्या, अधूनमधून सुजणाऱ्या गुडघ्यात ती महिनोन्‌महिने चालू राहते. बाई चालते, उठते, बसते, मोळी वाहते, पण ते सगळं दुसऱ्या पायावर, कमरेवर आणि हातांच्या रेट्यावर निभावून नेते. दुखऱ्या पायाच्या मांडीच्या वाट्याला काम येतच नाही. श्रम खूप झाले तरी त्या एका स्नायूचा व्यायाम शून्य, असं यातून घडतं. शिवाय कामाला मोजमाप नसतं. आज दमलो म्हणून उद्या अर्धीच लावणी, असं मजुरीत चालत नाही. व्यायामाची मात्रा मात्र औषधासारखी ठरवता येते, वाढवता येते, दुखलं तर कमीही करता येते.

चांगल्या फिजिओथेरपिस्टकडची पहिली भेट म्हणूनच मशीनपासून सुरू होत नाही. आधी विचारपूस होते: कधीपासून दुखतं, चढताना की उतरताना, सकाळी उठल्यावर सांधा किती वेळ आखडलेला असतो, रात्री जाग येते का, दिवसभर काम काय. मग चालायला लावतात आणि मागून, पुढून पाहतात. टेपने दोन्ही मांड्यांचा घेर गुडघ्यापासून सारख्याच अंतरावर मोजतात. बारीक झालेली मांडी तिथेच उघड होते. पुष्कळदा रुग्णाला ती पहिल्यांदाच दिसते. मग खुर्चीवर बसवून सांगतात, “मावशी, हात छातीशी धरा आणि आधार न घेता उठा.” अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं, तो आकडा कागदावर लिहून ठेवला जातो. पुढच्या प्रत्येक भेटीत सुधारणा याच आकड्यावरून जोखायची असते.

व्यायामाला सामान लागत नाही. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघा तिच्यावर दाबून पाच ते दहा सेकंद धरायचा. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे. बोट लावून पाहावं. हे जमलं की पाठीवर झोपून एक पाय दुमडून ठेवायचा, दुसरा सरळ ठेवून वीतभर उचलायचा, थांबायचं, सावकाश खाली आणायचा. कुशीवर झोपून वरचा पाय बाजूला उचलायचा, म्हणजे नितंबाचा स्नायू जागा होतो. तो कमजोर असला तर गुडघा चालताना आत कलतो. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे बसून उठणं: सुरुवातीला उंच खाटेवरून, मग खुर्चीवरून, मग आणखी खालून. शेवटी ओट्याच्या पायरीवर चढ-उतार, उतरताना मनात तीन मोजत. डोंगरावर जी ताकद लागते तिचा सराव या सावकाश उतरण्यातच होतो.

प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे, आठवड्यातून तीनेक दिवस. बारा वेळा सहज जमू लागलं की मात्रा वाढवायची. घोट्याला वाळू भरलेली कापडी पिशवी बांधली तरी पुरे. ही वाढच पुष्कळ ठिकाणी राहून जाते. छापील कागदावरचे तेच ते व्यायाम सहा महिने केले तर स्नायूला नवं काही करावंच लागत नाही.

व्यायाम करताना थोडं दुखणारच. शून्य ते दहाच्या मापावर चार-पाचपर्यंत गेलेली वेदना चालते, फक्त ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ जागी यायला हवी. सकाळी सूज आली किंवा दुखणं वाढलं, तर मात्रा जास्त झाली. तेवढी कमी करायची. व्यायाम सोडायचा नाही. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे. आठ दिवसांत आराम पडेल असं सांगून पाठवलेला रुग्ण नवव्या दिवशी सुईवाल्याकडे जातो.

सुई आणि व्यायाम यांची समोरासमोर तुलनाही झालेली आहे. अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयांत १५६ गुडघेदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी. वेदना, आखडलेपण आणि हालचालीतला त्रास मिळून २४० गुणांचं माप होतं. गुण जितके कमी तितकं बरं. दोन्ही गट साधारण १०७-१०९ वर सुरू झाले. वर्षाने इंजेक्शनचा गट ५५.८ वर होता, फिजिओथेरपीचा ३७ वर. हा अभ्यास २०२० चा. इंजेक्शननेही बरं वाटलंच. पण टिकाऊ फायदा व्यायामाच्या बाजूला झुकला. तरी अवास्तव आशा दाखवणं मला योग्य वाटत नाही. अनेक प्रयोग एकत्र मांडले की व्यायामाचा सरासरी फायदा लहान ते मध्यम दिसतो. दुखणं नाहीसं होईलच असं नाही. मोळी घेऊन उतरता येणं, रात्री झोप लागणं, गोळ्या कमी होणं, एवढं पुष्कळांना मिळतं, आणि राबून खाणाऱ्या माणसाला ते थोडं नाही.

गोळ्यांचा उल्लेख आलाच आहे तर थांबून सांगायला हवं. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने उपाशीपोटी घेतल्या की जठराला जखमा होतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. बाजारात विकल्या जाणाऱ्या, कशाच्या आहेत ते न लिहिलेल्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. चार दिवसांत जादूसारखा आराम पडला आणि चेहरा सुजू लागला, तर पुडी घेऊन लगेच डॉक्टर गाठावा. तेलाची मालिश मात्र निरुपद्रवी आहे. आवडत असेल तर जरूर करावी. बरं वाटतं, हालचाल सैल होते. मांडीत ताकद मात्र तेलाने येत नाही. दवाखान्यातल्या विजेच्या शेकाचंही तसंच. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शनात झिजेच्या संधिवातासाठी विजेवर चालणारे असे उपचार देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे आणि व्यायाम सगळ्यांना द्यावा असं सांगितलं आहे. दहा दिवस रोज गाडीभाडं मोडून फक्त मशीन लावून घेणं, हा गरीब माणसाच्या पैशांचा अपव्यय आहे असं माझं ठाम मत आहे.

‘वजन कमी करा’ हा सल्लाही इथे बघून द्यायला हवा. लठ्ठ माणसाने एक किलो वजन घटवलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, हे खरं आहे, आणि नंदुरबार-शहाद्याच्या दुकानदाराला ते सांगावंच. पण अक्राणीच्या डोंगरातली चाळीस-बेचाळीस किलोची बाई हा सल्ला ऐकून काय करणार? तिच्या मांडीवर चरबी नाही तसा स्नायूही नाही. तिला जास्त खायला हवं: डाळ, अंडी, मासळी, शेंगदाणे. नवापूरच्या तुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि ती पिकवणाऱ्या घरातल्या बाईच्या ताटात मात्र शेवटचं पातळ वरण पडतं. पोटाला न मिळता केलेल्या व्यायामातून स्नायू वाढणार नाही.

या जिल्ह्यात गुडघेदुखीकडे पाहताना सिकलसेल विसरून चालत नाही. सातपुड्यातल्या आदिवासी समाजांत या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात, हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि खुब्याच्या गोळ्याचं हाड मरू लागतं. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक असल्याने बिघाड खुब्यात असूनही दुखतो तो गुडघा. पंचविशीतल्या मुलाचा गुडघा दुखतोय, गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ आहे, पण मांडी आत वळवली की तो कळवळतो, तर खुबा तपासलाच पाहिजे आणि सिकलसेलची रक्तचाचणीही. तिथे मांडीचे व्यायाम देत बसलं तर मोलाचे महिने वाया जातात. लहान मूल लंगडत गुडघ्याकडे बोट दाखवत असेल तरी आधी खुबाच पाहावा. गुडघा गरम, लाल, सोबत ताप; सकाळी तासभर आखडणारे अनेक सांधे; हळूहळू वाढणारी सूज आणि घटणारं वजन, जे सांध्याच्या क्षयातही दिसतं; किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ न होणं. यांतलं काहीही असलं तर फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टर.

शस्त्रक्रिया हा शेवटचा मुक्काम, पण तो आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली, आणि सांधा बदलता येतो हे घरोघरी पोचलं. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली; सर्वाधिक वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा दीड लाखाच्या वरून ५४,७२० रुपयांवर आला. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात सांधा बदलण्यायोग्य ठरलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना आधी व्यायाम, आहार आणि शिक्षण दिलं. वर्षभरात त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी शस्त्रक्रिया करून घेतली नाही. शस्त्रक्रियेच्या वाट्याला गेलेल्या उरलेल्या निम्म्यांना मात्र जास्त आराम पडला, हेही त्याच अभ्यासात आहे. आणि सांधा बदलल्यावरही मांडी आपली आपल्यालाच घडवावी लागते.

काही सोयी आजपासून करता येतील. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरावी. पुष्कळ जण ती त्याच बाजूला धरतात आणि भार कमी होत नाही. उतारावर पावलं लहान टाकावीत, एका मोठ्या मोळीच्या दोन कराव्यात. पथारीवर वीतभर उंचीचा पाट घेऊन बसावं आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन फेऱ्या माराव्यात. मालकांनी एवढे पाट पुरवले तर खर्च मोठा नाही.

भारतात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं ते मुंबईत. १९५२ मध्ये शहरात पोलिओची साथ आली, आणि १९५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएम रुग्णालयात पहिली शाळा उभी राहिली. मुलांच्या लुळ्या पायांसाठी आलेली ही विद्या सत्तर वर्षांनंतरही डोंगरातल्या आजीपर्यंत नीट पोचलेली नाही. राज्यात या व्यवसायाची स्वतंत्र परिषद आहे, तिचा कायदा २००२ चा. उपचार घेण्याआधी नोंदणी विचारण्याचा हक्क रुग्णाला आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय धरलेली आहे, आणि नंदुरबारला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की धडगावहून नंदुरबार गाठणं निरोगी माणसालाही जड जातं. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला आठवड्यातून तीनदा तिथे बोलावणं हा उपचारच होऊ शकत नाही.

म्हणून थेरपिस्टने बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयात बसावं. बाजाराला बाई तशीही येते. पहिली भेट घाई न करता, भिलोरी, पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या कुणाला सोबत घेऊन व्हावी. कागदावर अक्षरांऐवजी चित्रं असावीत. उठण्या-बसण्याचा आकडा लिहून द्यावा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, फरक दिसायच्या आत, अनेक जण व्यायाम सोडून देतात. आशाताईंची पाड्यावरची फेरी नेमकी त्या आठवड्यात पडायला हवी, आणि तिथल्याच खाटेवरून बाईला उठायला-बसायला लावून नवा आकडा जुन्याच्या खाली लिहायला हवा.